बाबा, दात पण सांधाच असतो!

"नमस्कार ताई, माझी मुलगी नववीत आहे आणि सांध्यांच्या धड्यावरून आमचं घरात चांगलंच वाजलंय. ती रात्री बसून सहा प्रकार, त्यांची नावं, कुठला कुठे असतो असं सगळं पाठ करते आणि सकाळी सगळं मिक्स झालेलं असतं. मी म्हटलं अगं सोपं आहे, हाड जिथे वाकतं तो सांधा. तर म्हणते नाही बाबा, कवटीत पण सांधे असतात आणि दात पण सांधाच. मला हसू आलं, बहुतेक जरा जास्तच हसलो, ती रडायला लागली आणि आता माझ्याशी कामापुरतंच बोलते. ती म्हणते ते खरं आहे का? आणि हे लक्षात कसं ठेवायचं? जाता जाता अजून दोन गोष्टी. मला बोटं मोडायची सवय आहे, ती म्हणते तुम्हाला संधिवात होणार. आणि जिना चढताना माझा उजवा गुडघा कटकट वाजतो, दुखत नाही, पण भीतीने मी जिना सोडून लिफ्टच वापरतो. — गोंधळलेला बाबा"

गोंधळलेले बाबा,

आधी निकाल देऊन टाकते. लेक बरोबर, तुम्ही चूक. आजच तिला तसं सांगा, आणि सांगताना "पण मी म्हणत होतो ते पण तसं…" असलं काही शेपूट जोडू नका.

हाड वाकतं तिथे सांधा, ही व्याख्या आपल्यातल्या बहुतेकांच्या डोक्यात असते कारण आपल्याला सांधा आठवतो तोच मुळी दुखायला लागल्यावर, आणि दुखतात ते गुडघे, कोपर, खांदे, म्हणजे हलणारेच. पण शरीरशास्त्रात दोन हाडं जिथे एकमेकांना भेटतात ती जागा म्हणजे सांधा. बास. हललं पाहिजे अशी अटच नाहीये. मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडं धरतात आणि त्यातलं एकच हाड असं आहे की जे दुसऱ्या कुठल्याच हाडाला भेटत नाही, ते म्हणजे जिभेच्या मुळाशी, गळ्यात वरच्या बाजूला असलेलं कंठास्थी, ते नुसतं स्नायू आणि बंधांवर लटकलेलं असतं. बाकी सगळी हाडं कुठल्या ना कुठल्या सांध्यात अडकलेलीच आहेत.

आता कवटी. ती अखंड नसते, वेगवेगळी चपटी हाडं दातेरी कडांनी एकमेकांत बसवलेली असतात आणि मधे धाग्यांसारख्या घट्ट तंतूंचा पातळ थर असतो. मोठ्यांमध्ये हे सांधे जवळजवळ हलतच नाहीत आणि हलूही नयेत, आत मेंदू आहे. मग सांधा ठेवलाच कशाला, सरळ एकच हाड का नाही केलं? कारण बाळ. जन्माच्या वेळी ही हाडं एकमेकांवर थोडी सरकतात म्हणून डोकं बाहेर येऊ शकतं, आणि त्यानंतर पहिल्या दोन वर्षांत मेंदू इतक्या झपाट्याने वाढतो की कवटी बंद असती तर त्याला जागाच मिळाली नसती. बाळाची टाळू मऊ लागते आणि तिथे ठोके जाणवतात ना, ती याच सांध्यांच्या मधली मोकळी जागा. मागची छोटी टाळू पहिल्या दोन-तीन महिन्यांत भरते, पुढची मोठी साधारण दीड-दोन वर्षांपर्यंत. म्हणजे या सांध्याचं काम आधी वाढू देणं आणि नंतर गप्प बसून सांभाळणं.

आणि दात. दात हे तांत्रिकदृष्ट्या हाड नाही, त्यामुळे काही लोक याला सांध्यात धरायला कुरकुर करतात, पण शरीरशास्त्राच्या पुस्तकांत हा सांधा म्हणूनच शिकवतात, तेव्हा मार्क तिचेच. दाताचं मूळ जबड्याच्या खाचेत सिमेंटने चिकटवल्यासारखं घट्ट नसतं, मधे बारीक तंतूंचं एक अस्तर असतं आणि दात त्यावर टांगलेला असतो. म्हणूनच चावताना दात अगदी केसभर दबतो, आणि त्याच तंतूंमध्ये दाबाची जाणीव असते म्हणून घासात बारीकसा खडा आला तरी तुम्ही झटकन थांबता. दातांना तारा लावून ते सरकवता येतात तेही या अस्तरामुळे, एका बाजूने दाब दिला की तिथलं हाड झिजतं आणि दुसऱ्या बाजूला नवीन भरतं. आता सांगा, हसण्यासारखं आहे का हे?

लक्षात कसं ठेवायचं या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की पाठ करूच नका, निदान सुरुवात तरी पाठांतराने करू नका. सांध्यांचा सगळा विषय एका सौद्यावर चालतो, जितकं जास्त हलायचं तितकी पकड सोडायची. कवटीने हालचाल पूर्ण सोडली आणि पूर्ण सुरक्षितता घेतली. खांद्याने बरोबर उलटं केलं. बाकीचे सगळे मधे कुठेतरी आहेत. मुलीला प्रत्येक सांध्यासमोर बसवून दोनच प्रश्न विचारा, हा कुठल्या कुठल्या दिशेला हलतो आणि त्या बदल्यात याने काय गमावलं. नाव मग आपोआप चिकटतं.

मधल्या, म्हणजे थोडेसेच हलणाऱ्या सांध्यांच्या गटापासून सुरू करा, कारण पोरं तोच विसरतात. तिथे हाडांच्या मधे कूर्चा असते, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक असा भाग. पाठीच्या कण्यात मणक्यांच्या मधे चकत्या असतात, २३ असतात, आणि एकेक चकती फारच थोडी वाकू देते पण सगळ्यांचं मिळून इतकं होतं की माणूस खाली वाकून पायाची बोटं पकडू शकतो (म्हणजे काही माणसं, मी नाही). या चकत्यांमध्ये पाणी भरपूर असतं, दिवसभर उभं-बसून ते थोडं दाबून बाहेर जातं आणि रात्री आडवं झाल्यावर परत भरतं, म्हणून सकाळी उठल्या उठल्या उंची मोजली आणि रात्री परत मोजली तर एखाद सेंटीमीटरचा फरक सहज दिसतो. भिंतीवर पेन्सिलने खूण करून बघा, मुलीला हे आवडेल. ओटीपोटाच्या खाली पुढच्या बाजूला कमरेची दोन हाडं जुळतात तिथेही असाच सांधा आहे, एरवी जेमतेम हलतो, पण गरोदरपणात हार्मोन्समुळे सैल पडतो आणि बाळाला वाट देतो. आणि मुलीच्या स्वतःच्या शरीरात आत्ता असे काही सांधे असतील जे तुमच्यात नाहीत. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची पट्टी असते, हाड तिथून लांबीला वाढतं, तो पण तात्पुरता सांधाच धरतात, आणि वाढ पूर्ण झाली की ती पट्टी हाड होऊन जाते. हे तिला सांगा, तुमच्यापेक्षा आपल्याकडे काहीतरी जास्त आहे हे ऐकून राग थोडा उतरेल.

आता ते सहा प्रकार, ज्यांनी सगळा गोंधळ घातलाय. हे सगळे मोकळे हलणारे सांधे आणि सहाही जणांची आतली रचना सारखीच असते. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा, भोवती एक पिशवी, पिशवीच्या आतल्या अस्तरातून झिरपणारं वंगण, आणि बाहेरून धरून ठेवणारे लिगामेंट म्हणजे अस्थिबंध. वंगण किती असेल? निरोगी गुडघ्यासारख्या मोठ्या सांध्यातसुद्धा जेमतेम काही मिलीलीटर, चमचाभरही नाही. फरक आहे तो फक्त टोकांच्या आकारात. आकार ठरवतो दिशा.

पुस्तक बाजूला ठेवा आणि दोघं समोरासमोर बसा. कोपर पोटाजवळ चिकटवून काटकोनात धरा. आता हात वर-खाली करा, एकच दिशा, हा बिजागरीचा सांधा. आता कोपर अजिबात न हलवता तळवा आकाशाकडे करा, मग जमिनीकडे करा. हे बिजागरीने होऊच शकत नाही, बरोबर? हे होतं कारण हाताच्या खालच्या भागात दोन हाडं आहेत आणि अंगठ्याच्या बाजूचं हाड दुसऱ्याभोवती गोल फिरतं, हा खुंटीचा सांधा, आणि गंमत म्हणजे तोही कोपरातच आहे, बिजागरीच्या शेजारी, एकाच पिशवीत. कुलपात किल्ली फिरवताना, स्क्रू पिळताना हाच वापरतो आपण. खुंटीचा दुसरा सांधा मानेत वर आहे. मान होकारार्थी हलवली तर ती हालचाल मुख्यतः कवटी आणि पहिल्या मणक्याच्या मधे होते, नाही म्हणून डावी-उजवीकडे हलवली तर पहिला मणका दुसऱ्याच्या उभ्या खुंटीभोवती फिरतो, आणि मान वळवण्याची जवळजवळ अर्धी हालचाल एकट्या त्या जोडीतून येते. होकार आणि नकार यांचे सांधेच वेगळे.

मनगटाकडे या. बहुतेक मुलं इथे मार्क घालवतात, लिहितात की मनगट गोल फिरतं. नाही फिरत. एका हाताने दुसऱ्या हाताची मनगटाच्या वरची दोन्ही हाडं घट्ट दाबून धरा आणि मग फिरवून दाखवा, वर-खाली होईल, बाजूला होईल, ते दोन्ही जोडून तळव्याने गोल काढता येईल, पण पीळ द्यायला गेलात तर अडकेल, कारण पीळ कोपराकडून येत होता. हा लंबगोल सांधा, दोन दिशा. बोटं तळव्याला जिथे जोडली आहेत ते उंचवटे पण याच प्रकारात. तिथे एक भारी गोष्ट करून बघा, बोटं सरळ ठेवून फाकवा, छान फाकतात. आता त्याच सांध्यात बोटं काटकोनात वाकवा आणि फाकवायचा प्रयत्न करा. जवळजवळ काहीच होत नाही! बाजूचे अस्थिबंध बोट वाकलं की ताणले जातात आणि बाजूची हालचाल बंद करतात. म्हणजे एकच सांधा, पण सरळ असताना मोकळा आणि काही पकडताना मजबूत. मला विचाराल तर सगळ्या धड्यात हेच सगळ्यात हुशारीचं काम आहे आणि शाळेच्या पुस्तकात ते क्वचितच सापडतं.

अंगठा वेगळा. त्याच्या मुळाशी, मनगटाला लागून, दोन्ही हाडं खोगिरासारखी एकमेकांवर आडवी बसलेली असतात म्हणून अंगठा समोर येऊन प्रत्येक बोटाच्या टोकाला टेकू शकतो. लिहिणं, सुई धरणं, बटण लावणं, सगळं त्यावर. आणि सौदा इथेही आहेच, वय वाढलं की झीज व्हायच्या नेहमीच्या जागांमध्ये हा सांधा असतो. सरकते सांधे पटकन उरकते, मनगटातली आठ छोटी हाडं, पावलातली हाडं, मणक्यांच्या मागचे छोटे सांधे, सपाट पृष्ठभाग एकमेकांवर जरासे घसरतात, एकेकट्याने विशेष काही दिसत नाही पण खडबडीत जमिनीवर पाऊल बेमालूम बसतं ते यांच्यामुळे.

उरला उखळीचा सांधा, खांदा आणि खुबा. दोघांचं नाव एकच पण स्वभाव इतका वेगळा की याच्यावरच मुलीला अर्धा तास द्या. खांद्याची खाच इतकी उथळ असते की दंडाच्या हाडाच्या गोळ्याचा एका वेळी साधारण पाव ते एक तृतीयांश भागच तिला टेकलेला असतो, बाकी सगळं चार स्नायूंच्या एका पट्ट्याने आणि अस्थिबंधांनी धरून ठेवलेलं. त्यामुळे हात पाठीमागे जातो, डोक्यावर जातो, गोल फिरतो (डोक्यावर नेताना खांद्याचं पसरट हाडही सोबत फिरतं, पूर्ण हालचालीतला साधारण एक तृतीयांश वाटा त्याचा, मुलीच्या पाठीवर हात ठेवून बघा कळेल). आणि त्यामुळेच मोठ्या सांध्यांमध्ये सगळ्यात जास्त निखळतो तो खांदाच, आणि बहुतेक वेळा पुढच्या बाजूला. खुब्याची खाच मात्र खोल, मांडीच्या हाडाचा गोळा आत नीट बसलेला, आणि पुढून एक अस्थिबंध असा की शरीरातल्या सगळ्यात ताकदवान अस्थिबंधांत त्याचं नाव पहिलं येतं. उभं राहताना तो ताणून बसतो म्हणून आपल्याला स्नायूंची फार मेहनत न घेता उभं राहता येतं. पाय हाताइतका फिरत नाही, पण खुबा निखळायला मोठा अपघातच लागतो.

गुडघा मी मुद्दाम मागे ठेवला. पुस्तकं बिजागरी म्हणून मोकळी होतात आणि परीक्षेत तेच लिहावं, पण तुम्ही खुर्चीवर बसून पाऊल टेकवा, मांडी हातांनी घट्ट धरा आणि पावलाचा पुढचा भाग आत-बाहेर वळवा. नडगी फिरली ना? आता पाय पूर्ण सरळ करा आणि मांडी तशीच धरून परत करून बघा, गुडघ्यात पीळ जात नाही, कारण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत नडगीचं हाड थोडं बाहेर वळून सांधा लॉक होतो. आत कूर्चेच्या दोन अर्धगोल गाद्या, मधोमध एकमेकांना फुली मारणारे दोन अस्थिबंध, पुढे वाटी. खेळताना पाय जमिनीत रुतलेला आणि अंग वळलेलं असं झालं की त्या फुलीतला पुढचा अस्थिबंध तुटतो, हे खेळाडूंच्या बाबतीत तुम्ही ऐकलं असेलच.

एक काम मात्र धड्यात कुणी सांगत नाही. सांध्याची पिशवी, अस्थिबंध आणि भोवतीचे स्नायू सतत मेंदूला कळवत असतात की हात-पाय आत्ता कुठे आहेत. डोळे मिटून बोट नाकाला लावता येतं ते त्यामुळे. घोटा मुरगळल्यावर सूज गेली तरी तोच पाय परत परत मुरगळतो त्यात या बिघडलेल्या जाणिवेचाही हात असतो, आणि म्हणून फिजिओथेरपिस्ट एका पायावर उभं राहायला लावतात.

आता तुमची बोटं. मोडा खुशाल. बोट ओढलं की सांध्यातली जागा अचानक वाढते, आतला दाब कमी होतो, वंगणात विरघळलेल्या वायूचा बुडबुडा होतो आणि आवाज येतो. २०१५ साली कॅनडात अल्बर्टा विद्यापीठातल्या टीमने एमआरआयमध्ये बोट ओढतानाची हालचाल पकडली आणि पोकळी तयार होतानाच आवाज येतो असं म्हटलं, दुसरे काही जण म्हणतात बुडबुडा अर्धवट फुटताना येतो, तो वाद चालू दे. वायू परत विरघळायला साधारण वीस मिनिटं लागतात म्हणून तेच बोट लगेच परत वाजत नाही. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी साठ वर्षांहून जास्त काळ फक्त एकाच हाताची बोटं मोडली आणि दुसऱ्या हाताशी तुलना केली, संधिवात दोन्ही हातांत नव्हता. २००९ मध्ये त्यांना त्यासाठी इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं बक्षीस. एका माणसाच्या हातांवरून सिद्ध काहीच होत नाही, पण इतर अभ्यासांतही बोटं मोडण्याचा आणि संधिवाताचा संबंध दिसलेला नाही. मुलीला आवाजाचा त्रास होत असेल तर ती वेगळी गोष्ट, ते तिच्यासमोर करू नका.

गुडघ्याच्या बाबतीत मात्र तुम्ही उलटं करताय. दुखत नाही, सुजत नाही, नुसतं वाजतं, अशा आवाजाला बहुतेक वेळा काही अर्थ नसतो, वाटी तिच्या खाचेतून सरकताना किंवा एखादी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) हाडावरून घसरताना तो येतो. जिना सोडलात त्याने नुकसान व्हायची शक्यता जास्त. कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात, तिला खाणं-पिणं मिळतं ते त्या वंगणातून, आणि ते आत शिरतं स्पंजसारखं, भार पडला की दाबून बाहेर, भार निघाला की परत आत. गुडघा हललाच नाही तर तिला मिळणार कुठून? वर मांडीचे पुढचे स्नायू कमजोर पडले की सगळा धक्का सांध्यावर येतो. तेव्हा जिना परत सुरू करा, आधी एक मजला, मग वाढवत जा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं करा. वजन जास्त असेल तर एवढं ध्यानात घ्या की १ किलो कमी झालं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने कमी होतो, जाड माणसांच्या गुडघेदुखीवर झालेल्या अभ्यासात हे मोजलेलं आहे.

डॉक्टरकडे कधी जायचं तेही सांगते. गुडघा सुजला, मधेच अडकला आणि सरळच होईना, चालताना दगा देऊन वाकायला लागला, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेला राहिला, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. लाल, गरम, सुजलेला सांधा आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, कारण सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर तो कूर्चा फार भराभर खातो. आणि एक्सरे काढला आणि कुणी म्हटलं गॅप कमी झालीये, तर घाबरून लगेच सगळं बंद करू नका. कूर्चा एक्सरेत दिसत नाही, दोन हाडांमधली ती काळी जागा म्हणजेच कूर्चेची जाडी असं धरतात, आणि एक्सरे वाईट पण दुखणं नाही किंवा एक्सरे चांगला पण दुखणं भरपूर, असे दोन्ही प्रकारचे लोक असतात. डॉक्टरांना एक्सरेबरोबर हेही सांगा की किती मजले चढल्यावर काय होतं, उतरताना जास्त होतं का, आणि बसून उठल्यावर पहिली काही पावलं कशी जातात.